ट्रामाडोल एकदम नका सोडू भाऊ
"उद्यापासून गोळी बंदच" असं लिहिलंय तुम्ही भाऊ, तसं करू नका. ट्रामाडोल ही अफूच्या वर्गातली दुखण्यावरची गोळी, शरीराला तिची सवय लागते. आमच्या नानांनी मणक्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने ट्रामाडोल घेतली, दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या चार, आणि एक दिवस चिडून पाकीटच केळीच्या बागेत भिरकावलं, मग काय, जळगावचा मे महिना अन् हे गोधडी घेऊन कुडकुडताहेत, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. आम्हाला वाटलं ऊन लागलं, पण तो गोळी एकदम सोडल्याचा त्रास होता! डॉक्टरांनी परत चालू करून दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक गोळी कमी केली, शेवटची सुटायलाच जास्त वेळ लागला. आणि हो, मध्ये खंड पडला असेल तर लगेच जुना डोस घेऊ नका, शरीराची सवय गेलेली असते, श्वास मंदावू शकतो, आधी डॉक्टरांना फोन करा.