आधी छापलेल्या निबंधांवर पीएचडी करायची आहे, सल्ला हवा

शोधयात्री
नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात नोकरी करता करता माझे सात निबंध तज्ज्ञ-परीक्षण होऊन छापून आले आहेत. त्यातल्या चारांत मी पहिली लेखिका. पीएचडीची मनापासून इच्छा आहे, पण नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करणं आता शक्य नाही. आधीच्या प्रकाशनांवर पदवी मिळते म्हणतात. कुठे, कशी? आणि तिला मान असतो का?

तळटीप
मिळते, आणि रीतसर पीएचडीच मिळते. स्वीडन, नेदरलँड्समध्येही निबंध एकत्र करून प्रबंध देतात, पण ते बहुधा पीएचडी चालू असतानाच लिहिलेले असतात. तुमची वाट ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. मात्र तिथली बरीच विद्यापीठं ती फक्त आपल्या माजी विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना खुली ठेवतात, तेव्हा पात्रतेचा नियम सगळ्यात आधी वाचा. डीएससी, डीलिट या पीएचडीच्याही वरच्या पदव्या, त्यांच्याशी गल्लत नको.

निबंध किती यापेक्षा ते एकाच प्रश्नाभोवती फिरतात का, हे परीक्षक पाहतात. सोबत हे सगळं काम एका सूत्रात बांधणारा विवेचक लेख लिहावा लागतो. तो काही हजार शब्दांचा असतो, मर्यादा विद्यापीठागणिक बदलते. खरी मेहनत तिथेच आहे. आजच एक कागद घ्या आणि प्रत्येक निबंधाने नवं काय सांगितलं ते एकेका वाक्यात लिहा. सातही वाक्यं सलग वाचा. मुद्दा पुढे सरकत गेला पाहिजे. जो निबंध आडवा येईल तो काढा, कितीही नावाजलेल्या जर्नलमधला असो. ओढूनताणून बसवलेल्या सातांपेक्षा एकसंध पाच केव्हाही बरे.

दुसरा_मसुदा
सहलेखकांची पत्रं आत्ताच मागवा. ‘मोठा वाटा होता’ असलं मोघम नको. आराखडा कोणाचा, माहिती कोणी गोळा केली, विश्लेषण कोणाचं, पहिला खर्डा कोणी लिहिला, हे निबंधागणिक लिहून सही घ्या. माणसं नोकऱ्या बदलतात, मग शोधत बसावं लागतं.

वाचनमात्र
मानाचं म्हणाल तर थोर तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनने १९२९ साली केंब्रिजला आपलं आधीच प्रसिद्ध झालेलं पुस्तकच प्रबंध म्हणून दिलं होतं. परीक्षक होते रसेल आणि मूर, तेही नामवंत तत्त्वज्ञच!

शोधयात्री
खूप आभार. कागद करून पाहिला, एक निबंध खरंच बसत नाही. सगळ्यात जुन्या निबंधानंतर विश्लेषणाच्या नव्या पद्धती आल्या आहेत. तो सुधारून देता येतो का?

तळटीप
नाही, छापलं ते तसंच जातं. पण विवेचक लेखात स्पष्ट लिहा: तेव्हा ती पद्धत का निवडली, आज कोणती निवडाल, निष्कर्ष कितपत बदलेल. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हे विचारण्याची दाट शक्यता असते, तुम्हीच आधी मांडलेलं बरं. आणि हो, पूर्ण निबंध जोडायला प्रकाशकाची परवानगी लागते का, तेही पाहून ठेवा.