मदत हवी आहे : ब्लॉकचेननं बनावट औषध खरंच पकडता येतं का?

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. आमच्या केमिस्ट संघटनेपुढं एका कंपनीनं योजना मांडलीय : अ‍ॅप, स्कॅनर आणि औषधाचा सगळा प्रवास ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडं एकसारखी प्रत असलेल्या सामायिक डिजिटल वहीत. दुकानामागं वर्षाची वर्गणी. 2024 मध्ये अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातलं बनावट गोळ्यांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून गिऱ्हाईक पट्टी उलटीपालटी करून विचारतं, "ओरिजिनल हाय ना भाऊ?" त्यामुळं बरेच जण सही करायला तयार आहेत. (तो माल पुरवठादाराकडून थेट रुग्णालयात गेला होता, आमच्या काउंटरवरून नव्हे. पण हे सांगत कुणाकुणाला बसायचं?)

1 ऑगस्ट 2023 पासून निवडक 300 ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहेच. स्कॅन केलं की कंपनी, बॅच, एक्स्पायरी, लायसन नंबर दिसतो. पण त्याच कोडाचा फोटो काढून हजार खोक्यांवर छापला, तरी माहिती बरोबरच दिसणार ना? शिवाय पट्टीवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालतो. खोकं राहतं माझ्या रॅकमध्ये आणि गिऱ्हाईक चार गोळ्या कापून नेतं.

कंपनीचा माणूस म्हणतो, एकदा झालेली नोंद कुणाला बदलता येत नाही. मान्य. पण पहिली नोंदच खोटी असेल तर? आणि यासाठी साधा डेटाबेस का चालत नाही? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1 : तुमची शंका रास्त आहे. खोटी नोंद ब्लॉकचेनवर खोटीच राहते, फक्त पक्की होते. खरा फरक पडतो तो प्रत्येक पॅकला वेगळा नंबर दिल्यानं. तोच नंबर परभणीतही विकला गेला आणि लातूरलाही, तर लगेच बोंब होते. युरोपात 9 फेब्रुवारी 2019 पासून हेच चालतं : डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देताना फार्मासिस्ट स्कॅन करतो आणि नंबर बाद होतो. तेही ब्लॉकचेनशिवाय, साध्या डेटाबेसवर. ब्लॉकचेनचा उपयोग कुठं? एकमेकांवर भरवसा नसलेल्या कंपन्यांना सामायिक वही हवी असते तिथं. अमेरिकेत मेडिलेजर या औषधांसाठीच्या ब्लॉकचेन प्रकल्पानं तसा प्रयोग केलाय. तेव्हा त्या माणसाला एकच विचारा, कारखान्यातच नंबर टाकणाऱ्या कोणत्या औषध कंपन्या आणि कोणते स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेते) तुमच्याशी जोडलेत? नुसते दुकानदार जोडून माग लागत नाही, वर्गणी तेवढी जमते.

धागाकर्ता : यादीच मागतो आता. पण कापलेल्या पट्टीचं काय?

प्रतिसाद 1 : युरोपात बहुतेक ठिकाणी अख्खं खोकंच विकतात, म्हणून त्यांचं जमतं. आपल्याकडं बॅच नंबर छापलेली बाजू शेवटपर्यंत कापू नका, गिऱ्हाईकाच्या बिलावर बॅच टाका आणि स्टॉकिस्टकडून कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका, त्याची सवलतीची स्कीम कितीही चांगली असली तरी.