‘क्यू’ या गृहीत ग्रंथाची गरज उरली आहे का?

पूर्वपक्ष: बायबलच्या नव्या करारातील मत्तय आणि लूक या लेखकांनी मार्कचे शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारा ग्रंथ) समोर ठेवून लिहिले, हे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कमध्ये नसलेली, पण या दोघांत सामाईक असलेली दोनशेहून अधिक वचने मात्र ‘क्यू’ नावाच्या हरवलेल्या ग्रीक बोधवचनसंग्रहातून आली असे सांगितले जाते. त्या संग्रहाचे एकही पान सापडलेले नाही. इंग्रज ईशशास्त्रज्ञ ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ मध्ये सुचवल्याप्रमाणे लूकने मत्तयाचे शुभवर्तमान वाचले होते असे धरले, तर क्यूची आवश्यकताच राहत नाही. येशूला मारणारे ‘तुला कोणी मारले?’ असे विचारतात. हा प्रश्न मार्कमध्ये नाही, परंतु मत्तय २६:६८ आणि लूक २२:६४ मध्ये तो त्याच पाच ग्रीक शब्दांत येतो; म्हणजे लूकसमोर मत्तयाचाच ग्रंथ असावा.

उत्तरपक्ष: इंग्रज बायबल-अभ्यासक स्ट्रीटर यांनी १९२४ मध्येच याचे उत्तर दिले आहे: नकलकारांनी लूकमधला प्रश्न मत्तयात घातला. आपल्या मताची खरी अडचण वेगळी आहे. मत्तयाने पाचव्या ते सातव्या अध्यायांत इतके सुघटित डोंगरावरील प्रवचन रचलेले असताना लूकने ते मोडून त्याचे तुकडे आपल्या ग्रंथभर का विखुरले असतील? प्रभूची प्रार्थना त्याने आखूड का केली? मागी लोकांचे (पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांचे) आगमन आणि मिसरातील पलायन तर त्याच्याकडे नाहीच. आणि पान न सापडण्याचे म्हणाल, तर थोमाच्या शुभवर्तमानाची (बायबलबाहेरील एका बोधवचनसंग्रहाची) ११४ बोधवचनांची कॉप्टिक प्रतही १९४५ मध्येच इजिप्तमधील नाग हम्मादीला मिळाली.

पूर्वपक्ष: थोमाच्या शुभवर्तमानाचा उल्लेख ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाने केला होता, क्यूचा कोणीही केलेला नाही. ‘तुला कोणी मारले?’ या प्रश्नाविना मत्तयाची एकही प्रत उपलब्ध नसताना नकलकारांवर भार टाकणे म्हणजे एका गृहीतकासाठी दुसरे गृहीतक उभे करणे होय. लूकची मांडणी आपल्याला विस्कळीत वाटते, हा आपल्या अभिरुचीचा भाग झाला. मोहरांच्या दाखल्यात (लूक १९) तो दहा दासांपासून सुरुवात करतो, पण हिशेब देताना तिघेच पुढे येतात आणि मत्तयाच्या दाखल्यात मुळातच तीन दास आहेत. समोरच्या ग्रंथातील मजकूर बदलत जाणाऱ्या, पण तो बदल शेवटपर्यंत न टिकवणाऱ्या लेखकाची दमछाक येथे स्पष्ट दिसते.

उत्तरपक्ष: दमछाक मान्य. मात्र त्यावरून एवढेच ठरते की लूकसमोर तीन दासांची कथा होती. ती मत्तयाच्याच ग्रंथातली होती, हे ठरत नाही, कारण क्यूमध्येही तिघेच असू शकतात.