बोस यांची शिफारस झाली होती

कुणीतरी लिहिलंय की भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव भारतातून कुणी पाठवलंच नाही, म्हणून नोबेल हुकलं. हे बरोबर नाही. नोबेलची नामांकनं ५० वर्षं गोपनीय ठेवतात, त्यानंतर ती खुली होतात. त्या नोंदींत बोस यांचं नाव स्पष्ट दिसतं: १९५६ मध्ये अलाहाबादचे केदारेश्वर बॅनर्जी, १९५९ मध्ये दौलतसिंग कोठारी आणि १९६२ मध्ये एस. एन. बागची यांनी शिफारस केली होती. नोबेल समितीने स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ओस्कर क्लाइन यांच्याकडून बोस यांच्या कामाचं मूल्यमापन करून घेतलं आणि त्यांचं मत प्रतिकूल पडलं. गाडं अडलं ते तिथे.

शिफारशींच्या संख्येवर निकाल ठरतो हाही समज सोडायला हवा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांचं नाव तब्बल ८४ वेळा गेलं, तरी पुरस्कार नाही. अणुविखंडनाच्या शोधात वाटा असलेल्या लीझे माइटनर यांचंही तेच, चाळीसहून अधिक वेळा. नामांकनाने फक्त दार उघडतं. खरं वजन समितीने नेमलेल्या तज्ज्ञाच्या अहवालाला असतं, आणि तो तज्ज्ञ कोणत्या कामाला 'शोध' मानतो यालाही. मला क्लाइन यांचा निष्कर्ष आजही पटत नाही. बोस यांच्या १९२४ च्या छोट्याशा लेखातल्या सांख्यिकीवर (एकसारखे कण मोजण्याच्या पद्धतीवर) उभ्या असलेल्या बोस-आइन्स्टाइन संघनिताला, म्हणजे अतिथंड अणूंच्या एका वेगळ्याच अवस्थेला, २००१ मध्ये नोबेल मिळालं, पण बोस १९७४ मध्येच गेले होते. मरणोत्तर नामांकन तर चालतच नाही.