लेखक गेल्यावर त्याची मालिका पुढे लिहिणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका:
एका रहस्यकादंबरीचा अनुवाद पूर्ण झालाय, पण मलपृष्ठाच्या मजकुरावर काम अडलंय. मालिका ज्याने सुरू केली तो लेखक हयात नाही. आता दुसरीच लेखिका त्याच नायकावर नवी पुस्तकं लिहिते आणि मुखपृष्ठावर नाव तिचंच असतं. इंग्रजीत अशांना 'कंटिन्युएशन ऑथर' म्हणतात. मी 'उत्तराधिकारी लेखिका' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'वारस लेखिका' केलं, आणि ते मला अजिबात पटत नाहीये. स्वीडिश रहस्यकादंबरीकार स्टीग लार्सन २००४ मध्ये गेला, कायद्याने ग्राह्य मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे हक्क वडील आणि भावाकडे गेले. वारस ते. २०१५ मध्ये मालिकेतलं चौथं पुस्तक लिहिणारा डेव्हिड लागरक्रांट्झ नात्यातला कुणी नव्हता. त्यालाही वारस म्हटलं, तर हक्क कुणाकडे आणि लेखणी कुणाकडे हे वाचकाला कसं कळणार? एखादा नेमका शब्द आहे का?

जुनीवही:
शब्द आहे, आपण तो विसरलो आहोत. पूर्तिकार. समस्यापूर्ती आपल्याला ठाऊक आहे: चरण एकाने द्यायचा, श्लोक दुसऱ्याने पुरा करायचा. आणि ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने 'कादंबरी' हा शब्द घेतला, तो ग्रंथच दोन हातांचा आहे. बाणभट्ट सातव्या शतकात ती अपुरी ठेवून गेला आणि मुलाने, भूषणभट्टाने, उत्तरभाग लिहिला. (काही त्याचं नाव पुलिंद सांगतात.) म्हणजे लेखक बदलणं या साहित्यप्रकाराच्या नावातच आहे. अशा भाषेला या गोष्टीसाठी शब्द नाही, असं कसं म्हणायचं?

कंदील:
बाणाचं उदाहरण सुंदर आहे, पण इथे लागू पडत नाही. पूर्ती अपुऱ्याची होते. इंग्रज रहस्यकथाकार डोरोथी सेयर्सने एक कादंबरी अर्धवट सोडली होती, ती १९५७ मध्ये गेली, आणि जिल पेटन वॉल्शने ती पुरी केली, १९९८ मध्ये. तिथे वॉल्श पूर्तिकार, मान्य. पण तिचंच २०१०चं 'द ॲटनबरी एमराल्ड्स' घ्या. सेयर्सने ओझरता उल्लेख केलेलं एक प्रकरण, त्यावर वॉल्शने आख्खी कादंबरी रचली. तिथे पुरं करायला हस्तलिखितच नव्हतं. एकाच बाईला एका पुस्तकापुरतं पूर्तिकार म्हणायचं आणि दुसऱ्या पुस्तकाला काय?

रानफूल:
'मालिका पुढे नेणारी लेखिका' यात काय वाईट आहे? प्रत्येक गोष्टीला एकच शब्द हवा हा हट्ट कशासाठी? आमच्याकडे आजोबा कधीच 'अर्नाळकरांचं पुस्तक' म्हणत नसत. 'झुंजारचं आण' म्हणायचे, नाहीतर 'काळा पहाडचं'. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि वाचणाऱ्याच्या तोंडी नाव राहिलं ते नायकाचं. वाचक नायकामागे जातो. त्याला साध्या मराठीत सांगा, कळेल.

कंदील:
'पुढे नेणारी' म्हटलं की नवी गोष्ट जुनीच्या पुढे घडते असा समज होतो, आणि तसं असतंच असं नाही. ॲगाथा ख्रिस्तीने आपल्या गुप्तहेराला, पॉयरोला, स्वतःच संपवलंय, 'कर्टन' १९७५ मध्ये आलं. २०१४ मध्ये सोफी हॅनाची पॉयरोवरची नवी कादंबरी आली, ती लिहिताना तिला मागे जावं लागलं. 'द मोनोग्राम मर्डर्स' १९२९ मध्ये घडते. म्हणजे तिने मालिका पुढे नेली नाही, मध्ये जागा करून घातली.

काकदृष्टी:
मध्ये घातलेल्याला मराठीत शब्द आहे. क्षेपक. आणि मी तो निंदेच्या अर्थानेच वापरतोय. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे जो कुणी तिच्यात स्वतःची ओवी घालेल तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतोय, असं बजावून ठेवलं. ख्रिस्तीचा पॉयरो ख्रिस्तीबरोबर संपला. त्यानंतरचं सगळं नरोटी. रहस्यकादंबरीकार स्यू ग्राफ्टनच्या घरच्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. इंग्रजी वर्णमालेतल्या एकेका अक्षराची कादंबरी लिहीत ती 'वाय'पर्यंत आली आणि २०१७ मध्ये गेली. 'झेड' दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही, वर्णमाला 'वाय'वरच थांबली, असं त्यांनी जाहीर केलं. प्रेम म्हणतात ते हे.

अनुवादिका:
काकदृष्टी, तुमची कळकळ समजते. पण क्षेपकाचा प्राणच लपण्यात आहे. ओवी घालणारा आपलं नाव सांगत नाही, ती ज्ञानदेवांचीच म्हणून खपावी ही त्याची इच्छा असते. सोफी हॅनाचं नाव मुखपृष्ठावर आहे. तिला क्षेपककार म्हणणं हा तिच्यावर खोटा आळ आहे. नाव लपवून लिहिणारा वेगळा, त्याला आपण छायालेखक म्हणतो.

पिंपळपान:
फसवणुकीचं खरं उदाहरण उर्दू रहस्यकथाकार इब्ने सफींचं. १९६०च्या सुमाराला ते आजारी पडले, काही वर्षं लिहिणं थांबलं, आणि बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावलेल्या कादंबऱ्या आल्या. पात्रं तीच, नायक इमरान तोच. पुढे मजहर कलीम यांनी इमरानच्या कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या, पण स्वतःच्या नावाने. वडील उर्दू वाचत. ते या दोन गोष्टींत स्पष्ट फरक करायचे: पहिल्यांना 'नकली' म्हणायचे आणि दुसऱ्यांना 'मजहर कलीमवाला इमरान'. मला हा 'वाला' फार आवडतो. 'हॅनाचा पॉयरो', 'लागरक्रांट्झची लिस्बेथ' (लार्सनची नायिका). षष्ठी लावली की काम झालं, नवा शब्द लागतच नाही.

जुनीवही:
बोलताना चालेल. मलपृष्ठावर 'हॅनाचा पॉयरो' छापलं तर पॉयरो तिनेच घडवला असं वाटेल. आपण ज्याला लेखकाचा मानसपुत्र म्हणतो, तो षष्ठीने दुसऱ्याच्या ओटीत टाकता येत नाही. पूर्तिकार अपुरा असेल तर 'उत्तरलेखक' घ्या. कादंबरीचा उत्तरभाग, तसा मालिकेचा उत्तरलेखक. सरळ, सुबोध, आपल्या परंपरेतला.

रानफूल:
सुबोध? आजचा वाचक 'उत्तरलेखक' वाचून परीक्षेत उत्तरपत्रिका लिहिणारा समजेल. आणि लार्सनच्या मालिकेत लागरक्रांट्झनंतर २०२२ मध्ये करिन स्मिरनॉफ आली. ती कोण मग, उत्तरोत्तर लेखिका? संस्कृतातून एक शब्द ओढून आणला की तो निस्तरायला दुसरा आणावा लागतो.

जुनीवही:
उत्तरोत्तर म्हणजे क्रमाने पुढे पुढे. अर्थ चपखल आहे. शब्द वापरले नाहीत म्हणून अनोळखी होतात, आणि मग अनोळखी म्हणून टाकून दिले जातात.

कंदील:
'गादी चालवणे' कुणी अजून सुचवलं नाही याचं नवल वाटलं. 'लार्सनच्या गादीवर लागरक्रांट्झ, त्यानंतर स्मिरनॉफ'. गादीवर तिसरा आला काय, दहावा आला काय, शब्द बदलावा लागत नाही. रहस्यकथाकार रॉबर्ट पार्करचं बघा. त्याच्या आधीचा रहस्यकथाकार रेमंड चँडलर १९५९ मध्ये गेला तेव्हा एका कादंबरीची चारच प्रकरणं झाली होती, ती पार्करने पुरी केली, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २०१० मध्ये पार्कर गेला आणि त्याच्या स्पेन्सर या गुप्तहेराच्या कादंबऱ्या २०१२ पासून एस ॲटकिन्स लिहू लागला. दुसऱ्याचं पुरं करणाऱ्याची स्वतःची गादी झाली.

काकदृष्टी:
गादीला शिष्य लागतो, गुरूची संमती लागते. इथे संमती देणारा माणूस जगात नाही. लार्सनच्या सोबतिणीने, एव्हा गॅब्रिएलसनने, चौथ्या पुस्तकाला उघड विरोध केला होता. ती त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहिली, पण लग्न नव्हतं म्हणून कायद्याने तिला काहीच मिळालं नाही. याला गादी म्हणणं मला जमणार नाही. बळकावलेलं सिंहासन म्हणा.

अनुवादिका:
पण अमेरिकन रहस्यकथाकार टोनी हिलरमनची मुलगी ॲन? तो २००८ मध्ये गेला, तिने २०१३ पासून त्याच्या पोलिसांच्या गोष्टी लिहिल्या आणि आधी बाजूला असलेल्या बर्नाडेट या महिला पोलिसाला मध्यभागी आणलं. तिथे 'वारस लेखिका' शंभर टक्के बरोबर आहे, रक्तानेही आणि लेखणीनेही. माझी तक्रार तो शब्द सरसकट वापरण्याबद्दल आहे. लागरक्रांट्झ आणि ॲन हिलरमन एकाच शब्दात बसवले की दोघांवरही अन्याय होतो.

जुनीवही:
ॲनवरून पुन्हा भूषणभट्टच आठवतो. वडील गेले, त्यांच्या शब्दांबरोबर कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख पाहून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या दर्पाने नव्हे, असं तो आरंभीच सांगतो. पुढे लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं मान्य करून लेखणी उचलावी. मग त्याला कुठलाही शब्द शोभेल.

पिंपळपान:
'कवित्वाच्या दर्पाने'! मराठीत हे वाचताना आधी वास येतो. आमच्या घरी दर्प म्हणजे उग्र वासच. 'काय दर्प येतोय' म्हणतात, गर्वासाठी कुणी तो शब्द काढत नाही.

जुनीवही:
दर्प म्हणजे गर्वच. कंदर्प, दर्पण, सगळी त्याच कुळातली. वासाचा अर्थ मागाहून चिकटला आहे आणि तो टाळला पाहिजे.

रानफूल:
का टाळायचा? उग्रपणा दोन्हीत आहे. माणूस अंगावर येतो तसा वासही अंगावर येतो. मला तर अर्थ नैसर्गिकपणे सरकल्यासारखा वाटतो. आणि आज मराठीत शंभर माणसांना विचारा, बहुतेक सगळे वासच सांगतील.

काकदृष्टी:
शंभर माणसांना विचारून शब्दाचा अर्थ ठरत नाही.

रानफूल:
मग कुणाला विचारून ठरतो?

अनुवादिका:
मजकूर परवा छपाईला जातोय. 'उत्तरलेखिका' आणि 'गादी' या दोन्हींवर संपादकांशी बोलते. तोवर कुणाला आणखी सुचलं तर लिहा.

पिंपळपान:
दर्पणाचा गर्वाशी संबंध कसा, ते जुनीवहींनी जरा उलगडून सांगावं. आरशात बघून गर्व होतो म्हणून?