थकव्याचा प्रश्नच विचारत नाहीत
सोरायसिसमध्ये थकवा येतो का, या चर्चेत 'कातडीचा आजार, त्यात दमायला काय होतंय' असं वर एकांनी लिहिलंय, आणि त्यावर कुणी 'सगळा मनाचा खेळ' म्हणून मोकळे झाले. हे दुसरं तर अजिबात पटलं नाही. सोरायसिसमध्ये अंगात दाह चालू असतो, त्यातल्या टीएनएफ-अल्फासारख्या रसायनांचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. शिवाय रात्रभर खाज, म्हणजे झोपेचं खोबरं. आमच्या थोरल्या जाऊबाईंना सोरायसिस आहे, सांगलीत विश्रामबागेत असतात. कणीक मळून झाली की पोळ्या लाटायच्या आधी ओट्याला टेकून डोळे मिटून उभ्या राहतात. सासूबाईंचं ठरलेलं, "खाजवून कुणी दमतं का गं?"

आणखी एक. त्वचारोगात जीवनमान मोजायला डीएलक्यूआय नावाची प्रश्नावली वापरतात, १९९४ साली कार्डिफमध्ये तयार झालेली. प्रश्न १०, गुण ३० पैकी. खाज, लाज, कपडे, बाजारहाट, खेळ, अगदी लैंगिक अडचणीसुद्धा विचारतात, पण थकव्यावर एकही प्रश्न नाही! तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं, थकवा त्यामुळेही येऊ शकतो म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्यायचं. जाऊबाईंचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. गोळ्यांनी फरक पडला, पण पूर्ण नाही.