'फाशीऐवजी इंजेक्शन': सर्वेक्षणात प्रश्न कसा विचारावा?

नदीकाठ
महाविद्यालयीन प्रकल्पासाठी पुण्यात छोटं जनमत सर्वेक्षण करायचं आहे. कोथरूड, हडपसर आणि येरवडा मिळून ३०० जण, समोरासमोर विचारून. मुख्य प्रश्न सध्या असा आहे: 'फाशीऐवजी विषारी इंजेक्शन देणं जास्त मानवीय आहे असं वाटतं का? हो / नाही / सांगता येत नाही.' सोबत कायदा आणि वैद्यकीय बाजू सांगणारी अर्ध्या पानाची टीप असेल. प्रश्नात काय चुकतंय? टिपेत काय असायलाच हवं?

कच्चा_आकडा
पहिला शब्दच घात करतोय. मराठीत 'फाशी' म्हणजे गळ्यात दोर अडकवून मारणं, आणि 'फाशी' म्हणजेच देहदंडही. 'आरोपीला फाशी' हा मथळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी छापून येतो, दोर मात्र जागचा हललेला नसतो. त्यामुळे 'फाशीऐवजी' म्हटलं की ऐकणारा समजतो, शिक्षा सौम्य करायची का असं विचारतायत. तो 'नाही' म्हणेल आणि तुम्ही लिहाल, पुणेकरांना इंजेक्शन नको.

प्रश्न फोडा. आधी: देहदंड असावा का? मग, पहिलं उत्तर काहीही असलं तरी: असेलच तर मारण्याची पद्धत कोणती, दोर, शिरेतून औषध की गोळी?

'मानवीय' तर काढूनच टाका. असं रस्त्यावर कुणी बोलत नाही, आणि त्यात दोन गोष्टी लपतात: मरणाऱ्याला कमी वेदना आणि बघणाऱ्याला कमी त्रास. दोन वेगळे प्रश्न करा. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने मे २०१४ मध्ये सर्वांत मानवीय पद्धत कोणती असं विचारलं, तर ६५ टक्के इंजेक्शन म्हणाले आणि ५ टक्के फाशी. आदल्याच महिन्यात ओक्लाहोमात एक इंजेक्शन भयंकर फसलं होतं, तरीही.

भूल_चूक
त्या ओक्लाहोमाबद्दल लिहितो, कारण टिपेत नेमकं हेच हवं.

आधी 'विषारी' काढा. ही ऑपरेशन थिएटरमधलीच औषधं आहेत. पद्धत १९७७ मध्ये ओक्लाहोमात ठरली आणि डिसेंबर १९८२ मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा वापरली गेली. मूळ क्रम तीन औषधांचा: थायोपेंटलने भूल, पॅनक्युरोनियमने स्नायू लुळे, पोटॅशियम क्लोराइडने हृदय बंद. भूल कच्ची राहिली तर पोटॅशियम शिरेतून आगीसारखं जातं आणि श्वास कोंडतो, पण पॅनक्युरोनियममुळे माणसाला पापणीही हलवता येत नाही. काचेपलीकडच्या साक्षीदाराला शांत झोप दिसते. म्हणजे मधलं औषध मुख्यतः बघणाऱ्यांच्या सोयीचं. वर 'मानवीय'चे दोन तुकडे करायला सांगितलेत, त्याचं वैद्यकीय कारण हेच.

बिघाड बहुतेकदा औषधात नाही, शिरेत होतो. शिरेतून नशा करणाऱ्यांच्या शिरा कडक झालेल्या असतात, स्थूल माणसाच्या सापडत नाहीत, घाबरलेल्याच्या आक्रसतात. सुई शिरेबाहेर सरकली की औषध मांसात उतरतं, हळूहळू आणि अर्धवट शोषलं जातं. २९ एप्रिल २०१४ ला ओक्लाहोमात नेमकं हेच झालं. जांघेतल्या शिरेत सुई घातली, वर चादर टाकली, त्यामुळे सूज कुणाला दिसली नाही, आणि मृत्यूला ४३ मिनिटं लागली. त्यात औषधं शेजारच्या खोलीतून लांब नळीने सोडायची पद्धत. थिएटरमध्ये आपण सुईची जागा सतत बघतो, तिथे बघणारा आणि औषध सोडणारा वेगळे.

आणखी एक बारकावा: थायोपेंटल अल्कधर्मी, पॅनक्युरोनियम आम्लधर्मी. मध्ये सलाइनने नळी धुतली नाही तर पांढरा साका बसून नळी तुंबते. हे कोणताही भूलतज्ज्ञ झोपेत सांगेल. पण जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ मध्येच डॉक्टरांनी यात पडू नये म्हटलंय, आणि अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ मंडळाने २०१० मध्ये, भाग घेतलात तर प्रमाणपत्र जाईल असं बजावलं. मग काम कमी सराव असलेल्या हातांकडे जातं.

साधा_वकील
कायद्याची बाजू थोडक्यात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५४(५), १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९३(५): मरेपर्यंत गळफास. लष्करी कायद्यात गोळीचाही पर्याय आहे. १९८३ च्या दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी वैध ठरवली आणि कसोट्या घालून दिल्या: झटपट, तत्काळ बेशुद्धी, सभ्यता, देहाची विटंबना नाही. विधी आयोगाच्या १८७ व्या अहवालाने २००३ मध्ये इंजेक्शनचा पर्याय सुचवला. फाशीला पर्याय मागणाऱ्या २०१७ च्या जनहित याचिकेत ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने सांगितलं की कैद्याला असा पर्याय देणं व्यवहार्य नाही.

येरवड्यात विचारताय, तर २१ नोव्हेंबर २०१२ ची कसाबची फाशी बहुतेकांना आठवेल. गहुंजे प्रकरण सांगणारेही भेटतील: तरुणीवरचा बलात्कार आणि खून, गुन्हा २००७ चा, विलंबामुळे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांची फाशी बदलून ३५ वर्षं कैद दिली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. लोकांचा राग पद्धतीवर नसतो, या वर्षांवर असतो.

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हाही पक्का गैरसमज आहे. चौदा ही अशा गुन्ह्यांत सुटकेचा विचार होण्याआधीची किमान मर्यादा. पर्याय देताना 'सुटकेशिवाय मरेपर्यंत तुरुंग' असं पूर्ण लिहा.

नदीकाठ
सर्वांचे आभार. दोन शंका. फाशीतही चुका होतात ना? आणि ही टीप प्रश्नाआधी वाचायला दिली तर उत्तरं वाकणार नाहीत का?

भूल_चूक
होतात. फाशीचं सगळं गणित वजन आणि पडण्याच्या उंचीचं; जड माणसाला उंची कमी. म्हणून आदल्या दिवशी दीडपट वजनाचं वाळूचं पोतं टाकून दोर तपासतात. उंची कमी पडली तर मान मोडत नाही, माणूस गुदमरतो. जास्त झाली तर धड वेगळं होतं. जानेवारी २००७ मध्ये इराकमध्ये सद्दामच्या सावत्र भावाचं तेच झालं. पण अमेरिकी अभ्यासक ऑस्टिन सरात यांनी अमेरिकेतल्या १८९० ते २०१० च्या देहदंडांची मोजणी केली, तिच्यात फसलेल्या फाशी सुमारे ३ टक्के आणि इंजेक्शनं सुमारे ७. हे टिपेत नक्की घाला.

कच्चा_आकडा
टीप उत्तरं वाकवणारच, तेवढंच मोजा. दोन प्रकारचे फॉर्म करा, एकात टीप आधी, दुसऱ्यात प्रश्नांनंतर, आणि एकाआड एक वाटा. पण ३०० चे १५०-१५० झाले की दोन गटांतला ११ टक्क्यांपेक्षा कमी फरक हा नशिबाचा खेळ. ६०० केलेत तर हीच मर्यादा ८ वर येते. तिसरा फॉर्म मुळीच काढू नका. शिवाय हे आकडे लोक चिठ्ठी टाकून निवडले तरच खरे. लक्ष्मी रोडवर समोर येईल त्याला पकडलंत तर कितीही जण घ्या, उपयोग नाही.

समोरासमोर विचारणं ही मोठी अडचण आहे. अमेरिकेतल्या प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२० च्या पाहणीत देहदंडाच्या बाजूने ऑनलाइन ६५ टक्के होते, फोनवर ५२. माणसाशी बोलताना लोक मवाळ होतात. आपल्याकडे चारचौघांत उलटंही होईल, शेजारी उभा असला की 'लटकवा' म्हणणं सोपं. म्हणून उत्तराची चिठ्ठी घडी करून डब्यात टाकू द्या. वाचता न येणाऱ्यांसाठी पर्यायांची चित्रं काढू नका. दोराचं चित्र सुईच्या चित्रापेक्षा कधीही भेसूर दिसतं. रंगीत चिठ्ठ्या चालतील, फक्त भगवी, हिरवी, निळी नको. फिकट गुलाबी, पिवळी, पांढरी घ्या, आणि कुठला रंग कशाचा हे दर घरी तोंडी सांगा.